इंजिन गाडीला कसं अडवतं? घाटातला उतार आणि ‘कारण’ शोधण्याची शिस्त



तत्त्वज्ञानाच्या माणसाने मोटरसायकलच्या इंजिनावर बोलायचं, हे काही जणांना विचित्र वाटेल. पण माझा मूळ विषय इंजिन नाही, ‘कारण’ हा आहे. अमुक गोष्ट कशामुळे झाली, असं आपण दिवसातून शंभर वेळा म्हणतो. ते बरोबर आहे की नाही हे तपासायची सवय मात्र आपल्याला नसते. बहुतेक वेळा त्यात फारसं बिघडतही नाही. पण घाट उतरताना चुकीचं कारण डोक्यात असेल, तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून हे उदाहरण घेतलं.

अनुभव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. गाडी गिअरमध्ये आहे, तुम्ही रेस सोडली, ब्रेकला हातही लावला नाही, तरी गाडी मंदावते. खालचा गिअर टाकला तर आणखी जोरात मंदावते. क्लच दाबला की हे अडवणं एकदम नाहीसं होतं आणि गाडी मोकळी धावू लागते. याला ‘इंजिन ब्रेकिंग’ म्हणतात. आपल्याकडे ड्रायव्हर लोक म्हणतात, ‘गाडी इंजिनवर उतरवायची’. शब्द छान आहे. आता प्रश्न असा की हे अडवणं नेमकं कोण करतं, आणि ते कशाने कमी-जास्त होतं?

आधी हिशोब: उतारावर नेमकं काय संपवायचं असतं?

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं आहे, असं समजा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून उंच, आणि पोलादपूर कोकणात, पायथ्याशी. हिशोबासाठी आपण १,२०० मीटरचा उतार धरू. गाडी आणि माणूस मिळून २०० किलो. इतकं वजन इतकं खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती साधारण २३.५ लाख ज्यूल भरते. आकडा मोठा वाटतो पण डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून असं बघा: तेवढ्या उष्णतेत ७ लिटर साधं पाणी उकळीला येईल. एक बऱ्यापैकी मोठं पातेलं.

ही उष्णता कुठेतरी जाणारच. थोडी वाऱ्याच्या विरोधात जाते, थोडी टायरमध्ये. उरलेली दोनच ठिकाणी जाऊ शकते, ब्रेकमध्ये किंवा इंजिनमध्ये. तिसरी जागा नाही. गाडी न्यूट्रल केली म्हणजे इंजिनचं दार बंद केलं. मग सगळा भार ब्रेकवर.

ब्रेकला हा भार काही वेळ झेपतो. पण सतत दाबून ठेवला की तो तापतो. ड्रम ब्रेक असेल तर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब सरकतो, आणि पाय जास्त दाबावा लागतो. लायनर फार तापलं की त्याची पकडच कमी होते. डिस्क ब्रेक असेल आणि ब्रेक ऑइल जुनं, पाणी ओढलेलं असेल, तर ते उकळून त्यात बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, त्यामुळे लिव्हर हँडलपर्यंत येतं आणि ब्रेक काही लागत नाही. लोक म्हणतात, ‘ब्रेक फेल झाला’. खरं तर तो अचानक फेल झालेला नसतो. अर्धा घाट त्याला कोणीतरी शिजवत आलेलं असतं.

म्हणजे इंजिन कसं अडवतं हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही.

नैयायिकांचं गाढव

आता आमच्या न्यायशास्त्राकडे एक मिनिट वळतो. घाबरू नका, लगेच परत येऊ.

घडा तयार होतो. त्याच्या आधी तिथे काय काय असतं? कुंभार असतो, माती असते, चाक असतं, चाक फिरवायचा दांडा असतो. आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. मग गाढव घड्याचं कारण का नाही? नैयायिकांचं उत्तर असं की गाढवाशिवायही माती येऊ शकते, घडा होऊ शकतो. दांड्याला काहीतरी रंग असतोच, पण रंगामुळे चाक फिरत नाही. जे हजर असतं पण ज्याच्याशिवाय काम भागतं, किंवा जे नुसतं दुसऱ्याच्या सोबतीने आलेलं असतं, त्याला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. खरं कारण ते, जे दर वेळी आधी असतं आणि अन्यथासिद्ध नसतं.

हे ओळखायचं साधन म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक. ते असलं की हे असतं, हा अन्वय. ते नसलं की हे नसतं, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात याच्या जवळच्या पद्धती मांडल्या. दोन प्रसंग घ्या, एका गोष्टीखेरीज बाकी सगळं सारखं ठेवा, आणि फरक कुठे पडतो ते पाहा.

आता आपल्या गाडीत गाढव कोण आहे ते शोधू.

पहिला उमेदवार आवाज. खालचा गिअर टाकला की इंजिन ओरडतं आणि गाडी अडते. पण आवाजाने गाडी अडत नाही हे कोणीही सांगेल. आवाज हे सरळसरळ गाढव. पुढचा उमेदवार मात्र इतका सोपा नाही.

‘कॉम्प्रेशन’चं काय?

कोणत्याही गॅरेजमध्ये विचारलंत तर उत्तर बहुधा हेच मिळेल: ‘सर, कॉम्प्रेशनमुळे अडते.’ पिस्टन वर जाताना सिलिंडरमधली हवा दाबतो, दाबायला जोर लागतो, तो जोर मागच्या चाकाकडून येतो, म्हणून चाक मंदावतं. ऐकायला अगदी पटतं.

पण गोष्ट अर्धीच सांगितली. दाबलेली हवा म्हणजे स्प्रिंग. पिस्टन वर जाताना तुम्ही स्प्रिंग दाबलीत, हे खरं. पण लगेच पुढच्या फेरीत तीच स्प्रिंग पिस्टनला खाली ढकलते आणि घेतलेलं जवळपास सगळं परत देते. थोडी उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते, थोडी हवा रिंगांमधून निसटते, नुकसान तेवढंच. एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने परत द्यायचं, यात गाडी कशी अडेल?

व्यतिरेक लावून बघू. साध्या डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन पेट्रोल इंजिनापेक्षा खूप जास्त असतं. पेट्रोलच्या मोटरसायकलमध्ये हवा साधारण ९ ते १२ पट दाबली जाते, डिझेलमध्ये १५ ते २० पट. कॉम्प्रेशन हेच खरं कारण असतं, तर डिझेल ट्रकला इंजिन ब्रेक प्रचंड लागला असता. घडतं उलटं. आकाराच्या मानाने साध्या डिझेलचं अडवणं कमी असतं, म्हणून तर ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवावा लागतो.

याचीच एक सुंदर साक्ष आहे. क्लेसी कमिन्स हे अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीचे एक संस्थापक. पुणेकरांना कोथरूडच्या कारखान्यामुळे हे नाव ओळखीचं आहे. १९३१ साली कॅलिफोर्नियात काहोन खिंड उतरताना त्यांच्या डिझेल ट्रकचे ब्रेक तापून निकामी होत गेले. खाली रेल्वे फाटकावर मालगाडी जात होती. ट्रक थोडक्यात वाचला. तो प्रसंग त्यांच्या डोक्यात राहिला, आणि पुढे निवृत्तीनंतर त्यांनी एक युक्ती काढली. पिस्टन हवा पूर्ण दाबून वर पोचला की त्याच क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडायचा. दाबलेली हवा ‘फस्स’ करून बाहेर. स्प्रिंग दाबली खरी, पण ती परत ढकलायच्या आधीच तिला मोकळं केलं. आता घेतलेलं परत मिळत नाही आणि ट्रक जबरदस्त अडतो. १९६१पासून हा ब्रेक बाजारात आला, ‘जेक ब्रेक’ म्हणून तो ओळखला जातो.

आता विचार करा. नुसत्या कॉम्प्रेशनने गाडी अडत असती, तर हा सगळा खटाटोप कशाला करावा लागला असता? म्हणजे साध्या इंजिनात कॉम्प्रेशन हे पूर्ण गाढव नाही, पण कुंभारही नाही. त्याचा वाटा छोटा आहे.

मग कुंभार कोण?

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. हँडलची मूठ पिळली की ती उघडते, सोडली की जवळजवळ बंद होते. डिझेलच्या साध्या इंजिनात अशी झडप नसते. हा तो एक फरक.

रेस सोडलीत, झडप मिटली. पण चाक फिरतंय, त्यामुळे इंजिन फिरतंय, पिस्टन खाली जातोय आणि हवा ओढू बघतोय. हवा यायला फट मात्र अगदी बारीक. त्यामुळे सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते, दाब बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ खाली जातो. पिस्टनच्या खालच्या बाजूला बाहेरच्या वातावरणाचा दाब, वरच्या बाजूला पोकळी. या दोहोंच्या ओढाताणीत पिस्टन खाली नेणं हे कष्टाचं काम. घरी औषधाची सुई नसलेली सिरिंज घ्या, तोंडावर बोट धरा आणि दट्ट्या ओढा, तेच.

इथे चाणाक्ष माणूस मला अडवेल. तो म्हणेल, ‘सर, सिरिंजचा दट्ट्या सोडला की तो आपोआप परत जातो. म्हणजे ही पोकळीसुद्धा स्प्रिंगच झाली. घेतलेलं परत देणारच!’ आक्षेप बिनतोड आहे. उत्तर व्हॉल्व्हच्या वेळापत्रकात आहे. पिस्टन वर येताना ही पोकळी त्याला ओढून थोडी मदत करते, खाली जाताना पुन्हा विरोध करते. तो हिशोब फिटतो. पण पिस्टन परत तळाशी पोचतो, पोकळी पुन्हा ताणलेली असते, आणि नेमका तेव्हाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. सायलेन्सरच्या बाजूने हवा आत घुसते आणि पोकळी भरून टाकते. दट्ट्या ओढून धरलाय आणि कोणीतरी सिरिंजच्या तोंडावरचं बोटच काढलं. आता परत मिळण्यासारखं काही उरलंच नाही. पोकळी करायला जे काम खर्ची पडलं, ते उष्णता होऊन गेलं. दर दोन फेऱ्यांना एकदा हे घडतं, आणि हेच त्या इंजिनाचं अडवणं.

याला एक पडताळा देतो. आपल्याकडची पोरं मोटरसायकल घेऊन लडाखला जातात. खारदुंग ला ५,३०० मीटरहून उंच. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण निम्मा. पोकळीचं काम बाहेरच्या दाबावर अवलंबून असेल, तर तिथे तेही कमी व्हायला हवं. आणि होतं. उंचावर इंजिनाची ताकद घटते हे सगळ्यांना माहीत असतं. अडवण्याचा हा भागही घटतो, हे फार जण लक्षात घेत नाहीत.

पोकळीबरोबर दुसरा मोठा वाटेकरी आहे घर्षण. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा, ऑइल ढवळणं, गिअर, चेन. फेऱ्या वाढल्या की हे घर्षणही वाढतं. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं, म्हणून सकाळी पहिल्या पाच मिनिटांत गाडी जरा जास्त अडते.

तर पेट्रोलच्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलचा निकाल असा: मुख्य कारणं दोन, मिटलेल्या झडपेमागची पोकळी आणि घर्षण. कॉम्प्रेशनचा वाटा किरकोळ.

कमी-जास्त कशाने होतं?

हे कळलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

सगळ्यात मोठी गोष्ट गिअर. ताशी ३६ किलोमीटर वेगाने चाललेली १५० सीसीची गाडी चौथ्यात असेल तर इंजिन शांतपणे फिरत असतं. दुसऱ्यात टाका, फेऱ्या बऱ्याच वाढतात. प्रत्येक फेरीला पोकळीचं आणि घर्षणाचं काम होतंच आहे. सेकंदाला जास्त फेऱ्या म्हणजे जास्त अडवणं. शंभर मीटरला दहा मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर, या वेगाने, २०० किलोच्या गाडीला रोखून धरायला ढोबळ मानाने २ किलोवॉट लागतात, म्हणजे दोन इस्त्र्या सतत चालू. त्यातला बराचसा भाग वारा आणि टायर घेतात. उरलेला दुसऱ्या गिअरमधलं इंजिन जवळपास एकट्याने घेऊ शकतं. चौथ्या गिअरमधलं नाही. जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम असतो की ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. नियम ढोबळ आहे, पण त्यामागचं गणित पक्कं आहे.

दुसरी गोष्ट सीसी आणि वजन. मोठं इंजिन दर फेरीला जास्त जागेत पोकळी करतं, म्हणून जास्त अडवतं. पण भार किती हेही पाहावं लागतं. तीच १०० सीसीची गाडी, मागे बायको, मध्ये मुलगा, टाकीवर पिशवी. इंजिन तेवढंच, उतरवायचं वजन दीडपट. तेव्हा एक गिअर आणखी खाली.

तिसरी गोष्ट फ्लायव्हील, आणि ती मोठी मजेशीर आहे. बुलेटसारख्या गाडीचं फ्लायव्हील जड. रेस सोडली तरी ती झटका न देता हळूहळू मंदावते, कारण फिरणाऱ्या त्या वजनाचाही वेग कमी करावा लागतो. म्हणजे फ्लायव्हील कारण आहे? प्रश्न काय विचारताय त्यावर अवलंबून आहे. ‘रेस सोडल्यावर गाडी किती झटक्याने मंदावते?’ या प्रश्नात ते खरं कारण. पण ‘एकसारख्या वेगाने लांब घाट उतरताना इंजिन किती भार पेलतं?’ या प्रश्नात ते अन्यथासिद्ध, कारण वेग बदलतच नाही. तीच वस्तू एका प्रश्नात कुंभार, दुसऱ्यात गाढव. कारण शोधायच्या आधी कार्य नेमकं कोणतं, हे ठरवावं लागतं ते यासाठी.

टू-स्ट्रोकचा वारसा

आता एका समजाबद्दल बोलायचं आहे. घरातले वडीलधारे अजूनही सांगतात, ‘उतार आला ना, न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं.’ काही जण तर इंजिनच बंद करायला सांगतात. हे लोक मूर्ख नव्हते. त्यांच्या गाड्या वेगळ्या होत्या.

राजदूत, येझदी, आरएक्स १००, जुन्या बजाज स्कूटर, ही सगळी टू-स्ट्रोक. या इंजिनात सिलिंडरमध्ये हवा ओढायची वेगळी पूर्ण फेरी नसते, व्हॉल्व्हची यंत्रणा नसते, घर्षण कमी. म्हणून ती मुळातच कमी अडवतात. गिअरमध्ये ठेवून फार फायदा होत नसे. शिवाय त्यांचं वंगण पेट्रोलबरोबर यायचं. स्कूटरला पंपावर ऑइल मिसळून पेट्रोल भरायचे, आठवतं ना? मूठ सोडून गाडी लांब उतारावर गिअरमध्ये पळवली, तर इंजिन जोरात फिरतंय आणि ऑइल मात्र थेंबभर, अशी अवस्था. पिस्टन सीझ व्हायची भीती खरी होती. त्यामुळे अधूनमधून क्लच दाबून इंजिनला उसंत द्यायची किंवा मध्येच थोडी रेस द्यायची, ही त्या गाडीपुरती समंजस सवय होती.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं असतं, ते पंपाने फिरतं, मुठीशी त्याचा संबंध नाही. ती भीती संपली. पण सवय पुढच्या पिढीकडे गेली, तिचं कारण मात्र मागेच राहिलं. कारण सुटलं आणि नुसता आचार उरला, की त्याची रूढी होते.

पेट्रोलचंही तसंच. कार्बोरेटरच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना इंजिन जास्त फिरायचं आणि पोकळी थोडं थोडं पेट्रोल ओढतच राहायची. न्यूट्रलमध्ये कमी फिरायचं, कमी प्यायचं. थोडं पेट्रोल वाचायचं, हे खरं. पण १ एप्रिल २०२०पासून आपल्याकडे बीएस-६ आलं आणि बहुतेक मोटरसायकलींना फ्युएल इंजेक्शन बसलं. त्यात एक छोटा संगणक असतो. मूठ पूर्ण सुटली आहे आणि इंजिन चाकाच्या जोरावर पुरेसं फिरतंय, हे दिसलं की तो पेट्रोल सोडणंच थांबवतो. फेऱ्या खूप खाली आल्या की पुन्हा सुरू करतो. म्हणजे गिअरमध्ये उतरताना बराच वेळ पेट्रोलचा खर्च शून्य. न्यूट्रल केलंत तर इंजिनला स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल प्यावंच लागतं. ज्या पेट्रोलसाठी जीव धोक्यात घालायचा, ते वाचत नाही, उलट जळतं.

आणि हे फक्त दुचाकीचं नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी किती कुप्रसिद्ध आहे, हे तुम्हाला सांगायला नको. जड वाहनं न्यूट्रलमध्ये सोडू नका, असं तिथे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

इंजिन ब्रेकच्या मर्यादा

इतकं कौतुक केलं म्हणजे हा ब्रेक सर्वगुणसंपन्न आहे असं समजू नका. तो फक्त मागच्या चाकावर लागतो. पावसाळ्यात घाटातल्या वळणावर शेवाळ, वाळू, बारीक खडी असते. तिथे वेगात असताना एकदम दोन गिअर खाली टाकून क्लच झटक्यात सोडला, तर मागचं चाक क्षणभर अडतं आणि घसरतं. पकड टायरची तेवढीच. ती वळायला हवी आणि अडवायलाही हवी. म्हणून गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, एकेक करून उतरवायचा आणि क्लच हळू सोडायचा. क्लच सोडताना थोडी रेस देऊन इंजिनच्या फेऱ्या जुळवून घेतल्या तर झटका बसत नाही.

हल्ली बऱ्याच गाड्यांत ‘स्लिपर क्लच’ असतो. चाक इंजिनला फार जोरात ढकलायला लागलं की तो थोडा घसरतो आणि झटका गिळतो. शर्यतीच्या जगात या प्रश्नाला वेगळीच धार आली होती. २००२मध्ये मोटोजीपीत मोठी फोर-स्ट्रोक इंजिनं आली. टू-स्ट्रोकवर वाढलेल्या स्वारांना हे अडवणं आवरणं हे नवं काम होऊन बसलं, आणि पुढे तर त्यासाठी खास इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं.

गिअर नसलेल्या स्कूटरचं काय? तिथे पट्ट्याची यंत्रणा आणि आपोआप सुटणारा क्लच असतो. ती अडवते, पण कमी. आणि वेग फार खाली आला की क्लच सुटतो आणि इंजिनचा संबंधच तुटतो. गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी पळू लागते. खालचा गिअर टाकायची सोय नाही. म्हणून स्कूटरवाल्यांनी घाट मुळात सावकाश उतरायला सुरुवात करावी, दोन्ही ब्रेक आलटून-पालटून न घासता एकत्र, थोडे थोडे वापरावेत, आणि ब्रेक गरम वाटला तर बिनदिक्कत थांबावं.

विजेच्या गाड्यांत मोटरच उलटी वापरून बॅटरी चार्ज करतात, तिलाही अडवणं असतं. पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर वीज ठेवायला जागा नाही, आणि हे अडवणं कमी होऊ शकतं. घाटमाथ्यावर रात्रभर चार्ज करून सकाळी थेट उतार धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

थोडक्यात, ‘इंजिन ब्रेकिंग कशामुळे होतं’ याला एका शब्दाचं उत्तर नाही. पोकळी आहे, घर्षण आहे, गिअर आहे, वजन आहे, बाहेरची हवाही आहे. पण म्हणून सगळं सारखंच महत्त्वाचं, असंही नाही. यातलं तुमच्या हातात, म्हणजे खरं तर डाव्या पायात, एकच आहे: गिअर. बाकीचं समजून घ्यायचं ते त्या पायाने योग्य वेळी योग्य काम करावं म्हणून.

श्रोत्यांचे प्रश्न

*गाडी इंजिनवर उतरवल्याने इंजिन खराब होतं का?*

मर्यादेत वापरलंत तर नाही. इंजिन त्या फेऱ्यांवर फिरण्यासाठीच बनलेलं आहे, आणि उतरताना त्यात स्फोटाचा भारही नसतो. मर्यादा ओलांडली तर मात्र होईल. रेस देऊन इंजिन जास्त पळवलं तर बऱ्याच गाड्यांत संगणक त्याला रोखतो. पण वेगात चुकून पहिला गिअर पडला, तर इंजिनला चाकच फिरवत असतं. तिथे संगणकाचं काही चालत नाही. चेन आणि क्लच थोडे जास्त झिजतात, हे मान्य. तरी ब्रेक जाण्यापेक्षा चेन जाणं केव्हाही स्वस्त.

*उतारावर इंजिन बंद केलं आणि गिअर तसाच ठेवला तर चालेल का? अडेल तर तसंही.*

अडेल, बरोबर आहे. पण क्लच दाबला की इंजिन थांबेल, आणि नेमकी गरज पडेल तेव्हा ताकद मिळणार नाही. कार्बोरेटरच्या गाडीत न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठून भडका उडू शकतो. काही गाड्यांचा दिवाही इंजिनबरोबर जातो. मिळवायचं काही नाही, गमवायचं पुष्कळ. करू नये.

*ब्रेक न दाबता वेग कमी केला, तर मागच्याला कसं कळणार?*

उत्तम प्रश्न, आणि मी सांगायला हवं होतं ते तुम्हीच काढलंत. इंजिनने गाडी मंदावते तेव्हा मागचा लाल दिवा सहसा लागत नाही. मागून येणाऱ्याच्या दृष्टीने तुम्ही काहीच केलेलं नसतं. म्हणून गिअर उतरवताना ब्रेकचं लिव्हर दिवा लागेल इतपत हलकं दाबावं. गाडी इंजिनने अडवावी, पण मागच्याला खबर ब्रेकच्या दिव्यानेच द्यावी.